सहा परस पाणी

पाण्यात शिरताना भीमराज डोळे मिटून घेतो. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांच्या विहिरींतून पडलेल्या मोटरी, तुटलेले दोर, घागरी, बकऱ्या आणि कधीकधी माणसं वर आणली, तो डोळ्यांनी शोधत असणार असंच कुणालाही वाटतं. पण विहिरीत चार हात खाली गेलं की डोळ्यांचं काम संपतं. आधी हिरवा अंधार असतो, मग काळा. भीमराज हातांनी पाहतो. भिंतीवरून तळहात फिरवत खाली उतरतो, गाळात बोटं रुतवतो आणि मिळेल ते छातीशी धरून वर येतो. रिकाम्या हाताने वर यायचं नाही, हा त्याचा नेम. निदान काठावरून पडलेला एखादा तांब्या तरी.

विसाव्या वर्षी एकदाच त्याने डोळे उघडे ठेवले होते. समोर एक चेहरा होता. त्याचेही डोळे उघडे होते. तेव्हापासून बंद.

महागाव तालुक्यातल्या त्याच्या गावात तो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा आहे. पहाटे टाकीचा वॉल खोलायचा, दोन तासांनी बंद करायचा. बाकी वेळ कुणाची मोटर पडेल तिकडे. त्याच्या आज्याला ज्या विहिरींच्या काठावर चढू देत नव्हते, त्या सगळ्या विहिरींचे तळ भीमराजला पाठ आहेत. यावर तो कधी बोलत नाही. एकूणच कमी बोलतो. आता उजवा कान गेला आहे, तेव्हा ऐकतोही कमी.

विहिरीची खोली तिकडे परसात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला एक माणूस म्हणजे एक परस. गावाच्या कडेला जी मोठी विहीर आहे, तिच्यात हिवाळ्यात सहा परस पाणी असतं. एकाच्या हातांवर एक अशी सहा माणसं हात वर करून उभी आहेत आणि सगळ्यात वरच्याची बोटं तेवढी पाण्याबाहेर आहेत, असं भीमराजला कधीकधी वाटतं.

सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्या विहिरीच्या काठाशी पियुषची सायकल सापडली होती. पियुष सोळा वर्षांचा, आईबाप नसलेला, रुखमाबाई नावाच्या आजीने वाढवलेला. कुणी त्याला पाण्यात उतरताना पाहिलं नव्हतं. भीमराजला बोलावलं. तो तीनदा खाली गेला, तीनदा वर आला आणि म्हणाला, "इहीर रिकामी हाय."

भीमराजने रिकामी म्हटलं म्हणजे रिकामी. लोक मग पुसदला गेले, उमरखेडला गेले, बसस्टँडवर फोटो दाखवत फिरले. पोरगा रागावून पळाला असेल, असं सगळ्यांनी धरलं. रुखमाबाई त्या तीन दिवसांत जवळजवळ आनंदी होती. रोज दोन्ही वेळ त्याच्या वाटणीची भाकर करून झाकून ठेवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी पियुष आपोआप वर आला. तोवर चेहरा चेहऱ्यासारखा राहिला नव्हता. बायांनी तिला धरून ठेवलं, पाहू दिलं नाही.

गावाने भीमराजला दोष दिला नाही. पाण्याने ठेवून घेतला, असं म्हणाले. पाणी कधीकधी ठेवून घेतं, हे सगळ्यांना मान्य असतं. रुखमाबाईनेही काही म्हटलं नाही, फक्त त्याच्याशी बोलणं सोडलं. सकाळी नळावर भांडं लावायची तेव्हा तिकडून वॉलवाला भीमराज आला की भांड्यात पाहत राहायची.

खरं काय ते भीमराजला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, शीलाला. विहिरीच्या उगवतीच्या भिंतीत, चौथ्या परसाखाली, एक कपार आहे. भीमराजने तिच्यात हात घातला होता. खांदा घातला नव्हता. पोरगा वर आल्यानंतर चार दिवसांनी, गाव झोपलेलं असताना भरदुपारी, तो एकटा गेला आणि त्याने खांदा घातला. कपार डावीकडे वळत होती. वळणाच्या आत मडक्याएवढा एक गुळगुळीत गोटा होता आणि त्याच्या बाजूला एका पोराला मावेल एवढी जागा.

*

त्याची मुलगी रुपाली सिंधुदुर्गातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे, जावई रोशन तिकडेच शाळेवर. त्यांची मुलगी यशोधरा आठ वर्षांची. तीन वर्षांपासून रुपाली बोलावत होती, आणि तीन वर्षं कुणाची ना कुणाची मोटर पडत होती. यंदा सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली तेव्हा तिने तिकिटंच काढून पाठवली आणि फोनवर अट घातली.

"बाबा, चार दिवस. फोन बंद ठेवायचा."

"अन् कोणाचं काही झालं त?"

"काही होत नाही. गावात शाम आहे ना? तुम्हीच शिकवलं त्याला."

शाम हा भीमराजचा पुतण्या. तिशीचा. मोटरी काढायला शिकला होता, माणूस अजून काढला नव्हता.

महागावहून पुसद, पुसदहून पुणे, पुण्याहून मालवण. दोन रात्री बसमध्ये काढून नवरा-बायको उतरले तेव्हा शीलाचे पाय सुजले होते आणि भीमराज वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसत होता. समुद्र पाहून तो काही म्हणाला नाही. रोशनने दोनदा विचारलं, "मामा, कसा वाटला?" तेव्हा म्हणाला, "लय हाय."

पहिल्या दिवशी खाडीत कयाक चालवायला नेलं. प्लास्टिकची अरुंद, लांबट होडी, दोघांनी पुढे-मागे बसायचं आणि दोन्हीकडे पातं असलेल्या वल्ह्याने पाणी मागे ढकलायचं. शीलाला साडीवरून नारिंगी जॅकेट चढवलं आणि पट्टे आवळायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "मी काय मोटर हाय का बाप्पा, बांधून सोडायले?"

"मोटर असतीस त आवाज कमी आला असता," भीमराज म्हणाला.

"पाह्य, इथं येऊन तोंड फुटलं याले!"

तो यशूच्या मागे बसला. कांदळवनातून कयाक जात होती, दोन्हीकडे मुळं चिखलात बोटं रोवून उभी. एक निळा खंड्या सूर मारून गेला आणि चोचीत चमकतं काही घेऊन वर आला. यशू टाळ्या पिटत होती. भीमराज मध्येच वल्हं मांडीवर ठेवायचा आणि हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवायचा.

"आबा, काय शोधताय?"

"काही नाही. पाण्याले वजन हाय इथच्या."

"खारं आहे म्हणून."

"हव. म्हणूनच अशीन."

वल्ही मारायला त्याला जड जात नव्हतं. जड दुसरंच काही होतं. आपण पाण्यावर आहोत आणि पाण्यात कुणी नाही, ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या होडीने निघाले. आधी डॉल्फिन, मग किल्ल्याजवळच्या खडकांत स्नॉर्कलिंग, असा कार्यक्रम होता. बरोबरचा गाईड तिथलाच, काळासावळा, पंचविशीचा, हसरा. किनाऱ्यापासून बरंच आत गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. राखाडी, ओलसर पाठी पाण्यातून वर आल्या, वाकल्या, खाली गेल्या. एक, मग दोन, मग बाजूलाच एक लहानसं पिल्लू. सगळे ओरडले. रुपाली मोबाइल धरून उभी राहिली. शीलासुद्धा "अगं बाई, अगं बाई" करत जावयाच्या दंडाला धरून डोकावत होती.

भीमराजचे ओठ हलत होते. शीलाला ते दिसलं आणि ती जवळ सरकली.

"काय पुटपुटून राह्यले?"

"थे लहानं खाली गेलं. तीस झाले."

"मोजून राह्यले का?" ती हळू आवाजात म्हणाली. "थे मासे होत जी. येतात वर."

"छत्तीस," भीमराज म्हणाला. पिल्लाची पाठ वर आली. त्याने श्वास सोडला. पाठ पुन्हा बुडाली आणि त्याने पुन्हा एकपासून सुरू केलं. डॉल्फिन दूर निघून गेले तेव्हा सगळे हळहळले. तो दमून फळीवर बसला.

*

किल्ल्याच्या तटाजवळ पाणी उथळ होतं, दीड-दोन परस. गाईडने काचेचा मुखवटा कसा लावायचा, तोंडातल्या नळीने श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं. रुपालीने वडिलांना बजावलं, "फक्त तोंड पाण्यात घालायचं. बुडी मारायची नाही. कान आहे तुमचा."

"एकच हाय," भीमराज म्हणाला.

यशू आणि तो शेजारी-शेजारी उतरले. गाईड एका मोठ्या रबरी चाकाला धरून तरंगत होता, त्यांनी ते चाक धरलं. सगळं नीट चाललं होतं. मग कुणाला कळायच्या आत भीमराजने जॅकेटचा चाप काढला, अंगातून ते सापाच्या कातीसारखं सोडलं आणि खाली गेला.

"ओ काका! खंय चाललात? ओ!" गाईड ओरडला.

तिसाव्या सेकंदाला तो वर आला. बोटांतून रक्त येत होतं, खडकावरच्या कालवांनी कापलं होतं. हातात एक पाण्यातला मुखवटा होता, त्याच्या पट्ट्यावर शेवाळ चढलेलं.

गाईडने तो उलटापालटा करून पाहिला आणि रागवायचं विसरला. "ह्यो आमचोच! गेल्या आठवड्यात एका पाहुण्याच्या हातसून पडलो होतो. तीन दिवस शोधलंव आमी. काका, कामाक येतास काय आमच्याकडे?" मग आठवण होऊन म्हणाला, "पण खडकाक हात लावू नकात हां. जिवंत असता ता सगळा. बघूचा फक्त."

होडीवरून शीलाने कपाळावर हात मारला. "चार दिवसाची सुट्टी, अन् इथं बी सामान काढणं सुरू!"

होडीवर चढल्यावर टॉवेलमधून तोंड काढून यशूने विचारलं, "आबा, मासे पाहिले?"

"पाह्यले."

"कोणत्या रंगाचे?"

भीमराज बोटाला फडकं गुंडाळत राहिला.

"तुम्ही डोळे मिटले होते," यशू म्हणाली. "मला काचेतून दिसलं."

त्याच वेळी शीलाच्या पिशवीतला फोन वाजला. भीमराजचा फोन रुपालीने बंद करून घरी ठेवला होता, आईचा राहिला होता. शीलाने नाव वाचलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. गावचा पोलीस पाटील भावसिंग, तांड्यावर राहणारा.

"घेऊ नको, आई," रुपाली म्हणाली.

भीमराजने हात पुढे केला. शीलाने फोन दिला.

"भीमराज, कुठी हायस?"

"समुद्रावर."

"आँ? बरं. आयक. रुखमाबाई सकाळपासून घरी नाही. फोन घरीच हाय. चपला मोठ्या इहिरीपाशी भेटल्या."

होडी हलत होती. भीमराजने डाव्या कानाला फोन घट्ट लावला.

"शाम उतरला होता," भावसिंग म्हणाला. "दोनदा गेला. म्हणते काही नाही. पण अर्धं गाव उभं हाय इथी, लोकं म्हणतात भीमराजले विचारा."

"त्याले दे."

"त्याचे हात ओले हायत. स्पीकरवर टाकतो."

मग शामचा आवाज आला. दात वाजत होते. "काका."

"तळ पाह्यला?"

"पाह्यला. मांडीइतका गाळ हाय. जुना पाइप हाय. एक बादली भेटली."

"कपार?"

"पाह्यली. उगवतीकडची. हात घातला, काही नाही लागलं."

"खांदा घातला?"

थोडं थांबून उत्तर आलं. "घातला."

हे "घातला" भीमराज ओळखून होता. सहा वर्षं तोच शब्द तो स्वतःला सांगून पाहत होता.

"आतमंधी डाव्या हाताले काय हाय?"

शाम नाक ओढत राहिला.

"शाम, थे कपार सरळ नाही. खांदा आत गेला की डावीकडं वळते. नुसत्या हाताले थे वळण लागत नाही. तू खांदा नाही घातला."

"काका, मले भेव लागते," शाम म्हणाला. त्याने ते हळूच म्हटलं होतं, पण फोन स्पीकरवर होता. मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, "मंग बांगड्या भर ना हातात!" दुसऱ्याने त्याला गप केलं.

भीमराजने वर पाहिलं. शीला त्याच्याकडेच पाहत होती. ती काय घडणार ते ओळखून मान हलवत होती, नको, नको. त्याने पाण्याकडे तोंड केलं.

"भावसिंग, फोन असाच राहू दे. सगळ्यायले आयकू दे. शाम, मले बी भेव लागलं होतं. पियुषच्या टायमाले. म्या हात घातला, खांदा नाही घातला. आत अडकलो त कोण काढीन, असं वाटलं. वर आलो अन् म्हणलं, रिकामी हाय. पोरगं तिथीच होतं. वळणापाशी. माह्या बोटापासून इतभर दूर. पाण्यानं नाही ठेवला त्याले. म्या ठेवला."

पलीकडून विहिरीतल्या पारव्यांची फडफड तेवढी ऐकू आली. नऊशे किलोमीटरवरची ती फडफड भीमराजने ओळखली. ते दक्षिणेच्या भिंतीतले पारवे.

"भेव लागलं तरी जा," तो पुढे म्हणाला. "दोर कंबरेले बांध. आधी उजवा खांदा आत घाल. मंग हनुवटी छातीले लाव, डोकं आत जाते. मंग डावा हात वळणाच्या आत. पंधरा मोज अन् मागं ये. पाय सोडू नको, भिंतीले टेकव. दोराले दोन हिसके बसले की वरच्यायनं ओढायचं. जाय."

"जातो," शाम म्हणाला.

पाणी फुटल्याचा आवाज आला. भीमराजने डोळे मिटले आणि मोजायला लागला. गाईडने इंजिनावर ठेवलेला हात काढून घेतला. वीस. एवढ्यात तो दुसऱ्या परसाला असेल. तीस. आता डाव्या हाताला ती विटेची खाच लागली असेल. चाळीस. पंचेचाळीसला भीमराजची हनुवटी आपोआप छातीला लागली. रुपालीने वडिलांच्या पाठीवर टॉवेल टाकला, ते त्याला कळलं नाही. साठ. साठच्या पुढे त्याला नीट मोजता आलं नाही.

"आला!" भावसिंगचा आवाज. मग खोकणं, मग बराच वेळ फक्त श्वास.

"काका. घातला. डोकं बी घातलं."

"डाव्या हाताले काय लागलं?"

"गोटा हाय एक. गुळगुळीत. मडक्याएवढा."

"अन् बाजूले?"

"जागा हाय. रिकामी. काहीच नाही."

भीमराजने डोळे उघडले. "भावसिंग, इहीर रिकामी हाय."

"पक्कं?"

"पक्कं. बसस्टॉपवर विचारा. तांड्यावर विचारा. ज्यायच्यात्यायच्या इहिरीत पोरं उतरवू नका."

त्याने फोन शीलाला परत दिला. ती म्हणाली, "कायले सांगितलं? आपल्याले त्याच गावात राहाचं हाय." मग तिनेच त्याच्या कापलेल्या बोटावरचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं.

"बाबा, मला कधी सांगितलं नाही हे," रुपाली म्हणाली.

"तुले काय सांगू."

गाईड अवघडला होता. "काका, मागे जावया काय?"

"टाइम किती उरला आपला?"

"अर्धो तास आसा. पण असू दे."

भीमराज उठला. आपलं म्हणणं खरं निघेल की पुन्हा खोटं, हे कळायला अजून किती वेळ लागेल ते त्याला माहीत नव्हतं. फळीवर बसून राहणं मात्र शक्य नव्हतं. त्याने जॅकेट स्वतःहून घातलं, चाप लावला, मुखवटा ओढला आणि यशूचा हात धरून पाण्यात उतरला.

पाण्यात तोंड घातलं तेव्हा डोळे मिटलेलेच होते. थोडा वेळ तसाच राहिला. नळीतून स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. यशूने त्याचा हात दोनदा दाबला. मग त्याने डोळे उघडले.

खाली एक माणूस हात पसरून पडलेला होता.

भीमराजने हात हलवला आणि खालच्या माणसानेही हलवला. ती त्याची सावली होती, वाळूवर पडलेली. सावलीच्या पोटातून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आले आणि खांद्यातून बाहेर पडले. उन्हाच्या रेघा वाळूवर जाळीसारख्या हलत होत्या. एका खडकावर काळे काटेरी गोळे बसले होते, त्यांच्या मधून एक निळा, बोटाएवढा मासा भिंतीवरून तळहात फिरवावा तसा खडक चाचपत जात होता. खडकाला एक कपार होती. भीमराजने तिच्यात पाहिलं. ऊन तिच्या आतपर्यंत गेलं होतं. तिथे एक खेकडा होता, तो बाजूने आत सरकला.

हे पाणी असं होतं की त्याला काही विचारावं लागत नव्हतं. तळ दिसत होता, आणि तळाशी कुणी नव्हतं. त्याला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. बरेच दिवस उचलून धरलेलं ओझं खाली ठेवल्यावर हात जसे दुखायला लागतात, तसं काही तरी झालं. मुखवट्याच्या आत पाणी आलं. गाईडने वर आल्यावर विचारलं, "काच गळता काय?" भीमराज म्हणाला, "हव, गळते."

यशूने रंग विचारले. त्याने चार सांगितले. एक चुकला.

*

संध्याकाळी पाच वाजता भावसिंगचा फोन आला. रुखमाबाई नेरला होती, बहिणीकडे. धाकट्या सुनेशी भांडून पहाटेच निघाली होती. दिग्रस, दारव्हा करत तीन बस बदलून पोहोचली. विहिरीजवळच्या चपला? त्यांचा अंगठा तुटला होता, म्हणून तिने पिशवीतल्या नव्या काढून घातल्या आणि जुन्या तिथेच टाकल्या. बहिणीच्या पोराच्या फोनवरून ती भावसिंगला म्हणाली होती, "चपला टाकाले बी गावाची परवानगी लागते का आता?"

उरलेले दोन दिवस भीमराजने फारसं काही केलं नाही. किनाऱ्यावर बसायचा. रोशनने एकदा पॅरासेलिंगचं नाव काढलं, तेव्हा शीला म्हणाली, "जावईबापू, खाली झालं, वर झालं, आता आडवं पडू द्या थोडं."

गावात परतले तेव्हा लोक नेहमीसारखेच बोलले. थोडं जास्तच नेहमीसारखं. पारावर कुणी विचारलं, समुद्र कसा होता, तर कुणी मोटरीचं सांगितलं. शाम घरी येऊन गेला, पाया पडला आणि काही न बोलता चहा पिऊन उठला. त्याच्या उजव्या खांद्यावर खरवडल्याचा ओरखडा होता.

रुखमाबाई नेरहून रविवारी आली. सोमवारी सकाळी नळाला पाणी सोडून भीमराज तिच्या घरावरून चालला होता. ती ओट्यावर बसलेली होती. या वेळी तिने भांड्यात पाहिलं नाही.

"थांब," ती म्हणाली.

तो थांबला. सहा वर्षांत तिने त्याला उद्देशून म्हटलेला तो पहिला शब्द होता.

"मले सगळं सांगितलं लोकायनं. सुनेनं त दोनदा सांगितलं."

भीमराज उभाच राहिला.

"पहिल्या दिवशी काढलं असतं तुनं त्याले, त तोंड पाहू देलं असतं का मले?"

"देलं असतं," भीमराज म्हणाला.

"तसंच होतं का तोंड?"

"पहिल्या दिवशी तसंच राहते."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. समोरच्या घरातली बाई बादली घेऊन बाहेर आली आणि दोघांना पाहून पुन्हा आत गेली.

"भेव लागलं तुले?"

"लागलं."

"तुले!" ती म्हणाली. ते ती रागाने म्हणाली की आणखी कशाने, ते त्याला आजही सांगता येत नाही. "मी तीन दिवस भाकरी करत राह्यली."

पाण्याचा आवाज नळातून येत होता.

"आता नाही जात मी इहिरीत," शेवटी भीमराज म्हणाला. "कान बी गेला. डोळे मिटून जाणं बी होत नाही आता."

"तू नको जाऊ. पण त्या शामले सांगून ठेव नीट. खांद्याचं."

"सांगितलं."

"आखीन सांग."

तो निघाला. मग परत वळला, मोठ्या विहिरीकडे गेला. काठाशी चपला तशाच पडल्या होत्या. आठवडाभर कुणी त्यांना हात लावला नव्हता. दवाने ओल्या झालेल्या, एकीचा अंगठा तुटलेला. त्याने त्या उचलल्या. काठावरून पाण्यात वाकून पाहिलं. पारवे फडफडले. डोळे उघडे ठेवूनच पाहिलं, दिसलं काहीच नाही, हिरवं आणि मग काळं. सहा परस.

ओट्यावर त्याने चपला ठेवल्या तेव्हा रुखमाबाई म्हणाली, "तुटल्या हायत न थ्या. कायले आणल्या?"

"हाताले लागल्या," भीमराज म्हणाला आणि वॉल बंद करायला निघून गेला.